फळीतली गाडी

कानेजिरो केस कोरायचा.
म्हणजे बाकीचं शिकाऊ पोरं कोरत,
किमोनोवरची नक्षी, कंदील, पुलाचे खांब,
आणि बाईच्या कानशिलापाशी
जिथं कपाळ संपून केस सुरू होतात
तेवढ्या दोन बोटं जागेसाठी फळी त्याच्याकडे यायची.
दाराला कडी. आत कुणी शिंकायचं नाही.
चेरीच्या लाकडात तो खरं तर केस कोरत नसे,
केसांमधली जागा तेवढी काढून घ्यायचा
आणि केस मागे उरायचे.

मी छापणारा, इसोकिची.
ओल्या कागदाचा कोपरा फळीच्या खाचेत बसवायचा
आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेला बारेन
त्याच्या पाठीवरून फिरवायचा,
तापलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.
कानेजिरोचा एकही केस मी कधी तोडला नाही.

मग शहराचं नाव बदललं.
लोक सांगायचे, तोक्योला जाऊन आलो,
आणि गेलेले असायचे पुलापलीकडे, नेहमीच्याच गल्लीत.
जर्मनीहून डब्यातून लाल रंग आला.
करडईच्या फुलांचा लाल दहा उन्हाळ्यांत विटायचा, लाजत लाजत.
हा एका हातात आभाळ पेटवायचा
आणि नखांतून महिनाभर निघत नसे.
प्रकाशक उएमोन म्हणाला, आभाळ लालच हवं,
सकाळ असो की दुपार.

त्याच शरदात तो एक फोटो घेऊन आला,
चहाच्या डबीच्या झाकणाएवढा.
शिंबाशीचं स्टेशन, धूर सोडणारी गाडी,
आणि वर पाच रेघा.
तीन दिवसांत हवंय. लोक केस बघून कंटाळलेत.
कानेजिरोनं फोटो सुलटा धरला, उलटा धरला.
ह्या रेघा कसल्या?
तारा. त्यांतून निरोप जातात.
आतून पोकळ असतात?
नाही.
मग निरोप कुठून जातो?
उएमोनला घाई होती.

पहिल्या रात्री तीन तारा तुटल्या.
जन्मभर वळणं घेतलेलं मनगट,
सरळ रेघ त्याला कुणी शिकवलीच नव्हती.
दुसऱ्या रात्री दाराला कडी.
सकाळी फळी माझ्यापुढे ठेवून तो झोपायला गेला.
पाचही तारा होत्या,
पण दोन खांबांच्या मध्ये प्रत्येक जराशी झुकलेली,
न्हाऊन आल्यावर बाईनं केस मोकळे सोडावेत तशी.
उएमोन म्हणाला, तारा सैल पडल्यात.
मी शिंबाशीपर्यंत चालत गेलो, खांबाखाली उभा राहिलो.
सैलच असतात.

आठशे प्रती काढल्या. सहाशेनंतर
सगळ्यात वरची तार झिजू लागली;
मी हात हलका केला, इतकंच.

पुढच्या वर्षी दगडावरून छापणारं यंत्र आलं.
उएमोन काही बोलला नाही,
फक्त फळ्या पाठवणं बंद झालं.
केसानं गळा कापतात म्हणे.
इथं केससुद्धा लागला नाही.

जुन्या फळ्या रंध्याखाली गेल्या, काही हमामखान्याच्या चुलीत.
कानेजिरो आता कचेरीतल्या कारकुनांचे शिक्के कोरतो.
छोटी उलटी अक्षरं, दिवसाला वीस.
म्हणतो, डोळ्यांना बरं आहे.
खोटं बोलतो.

गाडीची फळी मी लपवून घरी आणली.
ओरुई तिच्या पाठीवर मुळा चिरते.
काल धुताना तिनं ती पालथी केली
आणि खोबणींत पाणी भरून तारा एकदम दिसल्या.
पहिल्यांदाच मला कळलं,
छापलेल्या कागदावर गाडी योकोहामाला निघालेली असते,
पण फळीत सगळं उलटं.
फळीत ती परत येते आहे,
धूर पुढे टाकत, माझ्या जुन्या गल्लीच्या दिशेनं,
आणि स्टेशनवर कुणीच नाही.

अंगठा आपोआप कोपऱ्यातल्या खाचेत गेला.
कागद नव्हता.
द्या इकडे, ओरुई म्हणाली, रस्सा उकळतोय.
मी दिली,
गाडीची बाजू खाली करून.